बिनडोळ्यांचा हत्ती

सरांना एका जागी बसलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं होतं. पण ते फार पुढचं. त्याआधी कितीतरी वर्षं तो माणूस कधी पाठ टेकून बसलाय असं मी पाहिलंच नव्हतं. आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर. शिक्षकांच्या खोलीत त्यांची एक खुर्ची होती, तिच्यावर आम्ही छत्र्या ठेवायचो. चहा उभ्याने, डबा उभ्याने. हजेरीपटावर सही करायची तीसुद्धा पट भिंतीला टेकवून. परीक्षेच्या सुपरव्हिजनला तर बाकांमधून इतक्या फेऱ्या घालायचे की एकदा एका मुलीला घेरी आली. हेडमास्तर वैतागून म्हणाले, "अहो, जरा टेका की कुठेतरी!"

"टेकलो की डोळा लागतो," सर म्हणाले, "आणि डोळा लागला की हत्ती दिसतो."

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मी नुकतीच कर्जतला बदलून आलेली सायन्सची बाई, मला काय माहीत कुठला हत्ती!

त्यांची नि माझी पहिली खडाजंगी बेडकावरून झाली. मी त्यांच्याकडून वर्गासाठी तक्ता करून घेतला होता. काय बेडूक काढला होता हो! पाठीवरचा ओलसरपणासुद्धा दिसत होता. आता टुणकन उडी मारेल असं वाटावं, आणि डोळ्यांच्या जागी दोन पांढरी भोकं. मी म्हटलं, "सर, हे काय? घाईत राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. ठेवलंय. डोळे मुलांकडून काढून घ्या."

मला वाटलं, काहीतरी शिकवायची पद्धत असेल. मुलांनी ठिपके दिले, बेडूक एका डोळ्याने छताकडे आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघायला लागला. मग लक्षात आलं, शाळाभर हेच. व्हरांड्यातला मोर, बालवर्गाच्या भिंतीवरची गाय, वाघ, ससा, सगळ्यांचे डोळे कोरे, नाहीतर पोरांनी कोळशाने काढलेले. मी चिडून त्यांना माणसाच्या डोळ्याचा तक्ता करायला सांगितला. म्हटलं, आता बघूच कसे सुटता! दोन दिवसांत तक्ता हजर. भिंग, पडदा, नस, सगळं अगदी पुस्तकापेक्षा सरस.

"हा कसा काढलात मग?"

"हा कापलेला डोळा आहे, बाई. कापलेला डोळा बघत नाही."

मी कपाळाला हात लावला.

मी नदीपलीकडे दहिवलीला राहायचे, सरांच्या शेजारचीच खोली. त्यांची बायको, तिला मी वहिनी म्हणायचे, खालापूरकडच्या भातशेतीवाल्या घरातली. ठेंगणी, खणखणीत आवाजाची, आणि माझ्यासारख्या एकट्या बाईला स्टोव्हवर एक भांडं आमटी करून खाताना बघून जिचा जीव तुटायचा अशी. पहिल्या आठवड्यातच तिने मला ओढत जेवायला नेलं. आत गेले आणि समोरच्या भिंतीवर ती तसबीर दिसली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीचा चेहरा. हिरवं लुगडं, कपाळावर चिरी, नाकात नथ. नथीतल्या मोत्यावर खिडकीचं एवढंसं प्रतिबिंबसुद्धा पडलेलं. आणि भुवयांखाली काही नाही. नुसता कॅनव्हास.

"माजीच हाय ती," वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली. "लगीन झालं त्या वर्साला काढली. नाक झालं, नथ झाली, डोळ्यांशी आले आनि ब्रश ठेवला तो ठेवलाच. घरात येकच तसबीर माजी, ती बी आंधळी."

सर ताट हातात धरून दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या घालत जेवत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"ते काय बोलणार?" वहिनीने तवा आपटला. "आयबापांनी माजा फोटो कदी काडला नाय. मी गेल्यावर पोरं, नातवंडं हिलाच बगनार ना? म्हनतील, म्हातारीला दिसत नव्हतं. मला येकदा या भिंतीवरनं बगू तर द्या!"

हसत हसत बोलली, पण शेवटी आवाज असा फाटला की मी हातातला घास ताटात ठेवला. तेव्हापासून मी सरांच्या मागेच लागले. हा काय चावटपणा आहे, म्हटलं. शाळेतल्या गाई-म्हशी आंधळ्या ठेवा नाहीतर पांगळ्या, पण बायकोचे डोळे?

त्यांनी सांगितलं, पण सरळ नाही. सरळ सांगणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बाजाराला जाताना थोडं, शाळा सुटल्यावर थोडं, असं चालता चालता. मला त्यांच्यामागे अक्षरशः पळावं लागायचं. ते सगळं एकत्र केलं तर असं.

सर मूळचे घाटावरचे. तिकडच्या एका चिमुकल्या संस्थानात ते तरुणपणी दरबारी चिताऱ्याच्या हाताखाली होते. थोरल्या चिताऱ्याला सगळे आबा म्हणायचे. आणि या दोघांचं बारमाही काम एकच, संस्थानचं राजचिन्ह काढायचं. बग्गीच्या दोन्ही दारांवर राजचिन्ह, हत्तीच्या झुलीवर, पट्टेवाल्यांच्या बिल्ल्यांवर, जेवणाच्या ताटांवर, पानदानाच्या झाकणावर, स्टॅम्पपेपरावर, शाळेच्या बक्षिसांवर आणि तुरुंगातल्या कांबळ्यांवरसुद्धा. "कैद्यालासुद्धा पांघरायला राजाच लागायचा, बाई!"

मधोमध ढाल. ढालीवर किल्ला आणि वर उगवता सूर्य. ढालीच्या डोक्यावर शिरपेच. एका बाजूने हत्ती आणि दुसऱ्या बाजूने घोडा, दोघे मागच्या पायांवर उभे राहून ढाल धरतायत. खालच्या पट्टीवर संस्कृतात काहीतरी, ते मला कधी पाठ झालं नाही. "हत्ती म्हणजे धीर," सर सांगायचे, "आणि घोडा म्हणजे धाव. नुसता हत्ती असता तर राज्य जागचं हललं नसतं. नुसता घोडा असता तर ढाल कधीच खाली पडली असती. दोन्ही लागतात."

ही कल्पना म्हणे आपली नव्हेच. इंग्रजाच्या काळात दिल्लीला दरबार भरला, तेव्हा कुणा गोऱ्या साहेबाने बसून एकेका राजाला एकेक ढाल आखून दिली. साहेबाच्या स्वतःच्या राजाचं चिन्ह तर आमच्या तालुक्याच्या कोर्टातही होतं, न्यायाधीशाच्या डोक्यावर. स्वराज्य आल्यावर ते उतरवलं आणि भिंतीवर त्या आकाराचा फिकट डाग राहिला. सर मधल्या सुट्टीत तो डाग बघायला जायचे! मला एकदा घेऊन गेले. काही नसलेल्या भिंतीकडे बोट करून सांगायला लागले, "इथे सिंह. इथे शिंगवाला घोडा. त्या घोड्याच्या गळ्यात साखळी असायची. पण बघा हं, साखळीचं दुसरं टोक कुठेच बांधलेलं नाही. पाठीवरून नुसतं लोंबतंय. म्हणजे तो बांधलेलाही नाही आणि मोकळाही नाही." पट्टेवाला आमच्याकडे बघत होता. मी हळूच सरांची बाही ओढली.

त्यांची ती खोडच झाली होती. कुणीही भेटलं की विचारायचे, "तुम्हाला दोन बाजूंनी धरणारं कोण?" स्टेशनातल्या हमालाला, भाजीवालीला, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाला. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "एका बाजूला फळा, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह." त्यांनी अगदी गंभीरपणे मान डोलावली. वहिनीला मी विचारलं, सरांना कोण धरतं गं? ती म्हणाली, "दोन्ही बाजूंनी मीच. नायतर कवाच पडले असते."

शाळेचं बोधचिन्ह करायचं ठरलं तेव्हाही हेच. हेडमास्तरांना पाहिजे होती समई, पुस्तक आणि कमळ. सरांनी काढली ढाल, ढालीवर भाताची लोंबी, एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेचं इंजिन. "घाट चढताना कर्जतला गाडीला मागून इंजिन लावतात की नाही? तेच आपलं काम. मागून ढकलायचं." कल्पना सगळ्यांना आवडली. हेडमास्तर म्हणाले, "पण हा बैल आंधळा का?"

"संस्थेचे प्रमुख तुम्ही. तुम्ही उघडा."

हेडमास्तरांनी खुशीत येऊन ठिपका दिला तो असा, की बैल इंजिनाला घाबरून पळायच्या बेतात आहे असं वाटतं. प्रगतिपुस्तकांवर पुढे कितीतरी वर्षं तोच घाबरलेला बैल होता. इंजिनाचं बरं होतं, त्याला डोळा लागत नाही.

तर डोळ्यांची रीत. ढाल साहेबाने दिली, पण त्या संस्थानातल्या लोकांनी तिला आपली रीत जोडली. दर दसऱ्याला बग्गीच्या दारांवरचं राजचिन्ह नव्याने रंगवायचं. चिताऱ्याने सगळं करायचं, फक्त हत्तीचे आणि घोड्याचे डोळे कोरे ठेवायचे. मग बग्गीभोवती पडदा लावायचा. आत महाराज आणि थोरला चितारी, तिसरं कुणी नाही. तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, खारीच्या केसांचा बारीक ब्रश, आणि महाराजांनी स्वतःच्या हाताने डोळे उघडायचे. पडदा दूर झाला की तोफ. तेव्हाच सीमोल्लंघनाची मिरवणूक हलायची. आबा सरांना बजावून सांगायचे, ज्याचा हक्क नाही त्या हाताने डोळा उघडला तर तो डोळा वाईटच बघतो.

शेवटच्या वर्षी, देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर लगेचच आलेल्या दसऱ्याला, आबा नव्हते. पावसाळ्यात वारले होते. आणि महाराज मुंबईत अडकलेले, येतो येतो म्हणून आलेच नाहीत. पडदा लागलेला, बाहेर माणूस मावेना, ऊन उतरायला लागलेलं. दिवाण सरांना म्हणाले, "जा आत, आणि काय ते उरका."

"आणि मी आत गेलो, बाई. एकटा. हत्तीचा डोळा उघडला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. असा बघत होता की, तू कोण?"

पुढच्या काही महिन्यांत संस्थान विलीन झालं. बग्गी गेली, हत्ती गेला. सर फिरत फिरत कर्जतला आले.

मी सायन्सची बाई. असलं काही ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मी भर रस्त्यात ओरडले, "अहो, देशातली झाडून सगळी संस्थानं गेली! सगळ्यांच्या चिताऱ्यांनी काय डोळे काढले होते?"

"त्यांचं त्यांचे चितारी सांगतील. मी माझं सांगतोय." ते पुढे निघालेही. मग थांबून, न वळता म्हणाले, "राज्य गेलं ते गेलं. आता हिच्यावर प्रयोग करून बघू का?"

माझा राग तिथेच जिरला. माणूस बायकोला आंधळी ठेवत होता तो हट्टाने नव्हे. तिला आपला हात लागू नये म्हणून.

दहिवलीतच एक गणपतीचा कारखाना होता. आमच्या जिल्ह्यात मूर्तीचे डोळे काढायला आखणी म्हणतात, आणि आखणी जमणारा हात सगळ्यात मोठा. कारखानदार श्रावणात रोज येऊन ओट्यावर बसायचा. "सर, हात सोन्याचा हाय तुमचा. येवढी आखनी करा, बाकी सगलं आमी करतो." सर सगळं करायचे. सोवळ्याचा काठ, मुकुटाचे खडे, उंदराच्या मिशा. डोळे आले की चपला घालून चालू पडायचे. कारखानदार वहिनीकडे बघायचा. "माज्याकडं काय बगतोस रं?" ती म्हणायची. "माजेच काडले नाय, तुज्या गणपतीचे काय काडनार?"

अशीच वर्षं गेली असती. संस्थानिकांचे तनखे सरकारने बंद केले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझा मावसभाऊ मोहोपाड्याला एका केमिकल कारखान्यात होता. तो आला आणि गप्पांत म्हणाला, आमच्या कॉलनीत कामगारांसाठी हॉल बांधलाय, उद्घाटनाला नवे डायरेक्टर येतायत, कुठले तरी माजी महाराज आहेत. संस्थानाचं नाव त्याने सांगितलं. मी जेवताना ते नाव सहज वहिनीजवळ बोलले, आणि फेऱ्या घालणारे सर मधेच थांबले. हातातलं ताट कलंडलं. आमटी पायावर सांडली तरी त्यांना कळलं नाही.

मग सुरू झाली धांदल. सागवानी फळी आणली. घासली, पुन्हा घासली. उन्हाळ्याची सुट्टी होती, दिवसभर ओट्यावर ती फळी आणि तिच्याभोवती प्रदक्षिणा घालणारे सर. दोन पावलं मागे, दोन पुढे, ब्रशचा एक फटकारा, पुन्हा मागे. किल्ला उभा राहिला, सूर्य उगवला, हत्ती-घोड्याने ढाल धरली. मी खरं सांगते, तोवर मी त्या सगळ्याची टिंगल करत होते, पण फळी पुरी झाली तेव्हा मीही ओट्याशी उभी राहून बघत राहिले. सोन्याचा वर्खच काय तो नव्हता. आणि चार डोळे कोरे.

"महाराजांनी उघडले की झालं," सर म्हणाले. "जे राहून गेलं ते पुरं होईल. माझा हात सुटेल."

वहिनी रोज संध्याकाळी तुपाचा दिवा लावून वर तांब्याची ताटली धरायची. काजळ धरायला. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, त्या राजानी नुसतं टिपकं दिलं तरी पुरे. मंग माजे डोळे काडतील ना वो?"

मी म्हटलं, "काढतील गं."

"नाय आलं जमून तर मी काय परत मागनार नाय," ती म्हणाली. "माज्यात बी आता दम उरला नाय."

तिघंही गेलो. फळी जुन्या धोतरात गुंडाळलेली. चौक गावापर्यंत एसटी, पुढे एका ओळखीच्या टेंपोत मागे उभे राहून. सर तर टेंपोतसुद्धा येरझारा घालायला बघत होते. अंगात काळा कोट, दरबारातला. त्याच्या पितळी बटणांवर राजचिन्ह होतं. वहिनीने ती चिंचेने घासून लखलखीत केली होती. उन्हाने जीव चाललेला आणि मोहोपाडा जवळ आलं तसा कारखान्याचा तो उग्र वास नाकात बसायला लागला. सर सारखे म्हणत होते, "मुजरा तीनदा. तुम्ही नुसता नमस्कार करा."

कार्यक्रम उरकला होता. भावाने आम्हाला गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात नेलं. मी मनात काय काय राजा उभा केला होता! समोर सफारीतला एक किडकिडीत, टक्कल पडलेला माणूस बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. सरांनी कमरेत वाकून मुजरा केला. कंपनीचे दोघे-तिघे बघत होते, महाराज लाजले. घाईने उठून उभे राहिले, तेवढ्यात त्यांची नजर कोटावर गेली.

"हे बटण! अरेच्चा! हे माझ्याकडेसुद्धा उरलं नाही. तुम्ही… आबांच्या हाताखालचे का?"

सरांनी फळीवरचं धोतर सोडून ती टेबलावर ठेवली. महाराज वाकून बघत राहिले. मग हत्तीच्या सोंडेवरून बोट फिरवत म्हणाले, "आबांचाच हत्ती. अगदी तोच." आणि मान वर करून, "गाडीवरून काढून टाकलं हो मी हे. मुलगा विचारतो, हा घोडा कशाला? काय सांगणार त्याला?"

सरांनी काजळाची वाटी पुढे केली. ब्रश दोन्ही हातांवर ठेवून धरला. "महाराज, त्या दसऱ्याला आपण नव्हतात. माझ्या हातून आगळीक झाली. डोळे मी उघडले. आज आपल्या हाताने…"

"डोळे?" महाराजांनी ब्रश घेतला. कोऱ्या जागेपाशी नेला. आणि त्यांचा हात असा लटलट कापायला लागला की मला वाटलं, यांना काही होतंय की काय. त्यांनी ब्रश मागे घेतला आणि ते हसायला लागले.

"बघा, अजून तसाच! अहो, मी कधीच काढले नाहीत हे डोळे. लहान होतो गादीवर बसलो तेव्हा. पहिल्या वर्षी हात कापला आणि घोडा चकणा झाला. मी रडायला लागलो. आबांनी अंगठ्याने पुसलं, स्वतः काढले, आणि माझ्या हातात पेढा दिला. त्यानंतर दर वर्षी तेच. मी पडद्यात पेढा खायचो, आबा डोळे काढायचे. माझ्या वडिलांच्या वेळीसुद्धा आबाच काढायचे, आबांनीच मला सांगितलं होतं. म्हणायचे, महाराज, आपण नुसतं इथे असा."

सर उभे होते तसेच उभे.

"मग… मी केलं ते…"

"बरोबरच केलंत. चिताऱ्यानेच काढायचे असतात. तुम्हाला सांगायच्या आधीच आबा गेले, त्याला कोण काय करणार?"

"पण राज्य…"

महाराज आता हसत नव्हते. "राज्याचं माझ्या मनात दसऱ्याच्या आधीच ठरलं होतं. मुंबईत बसून तेच तर चाललं होतं. परत येऊन, त्या हत्तीकडे बघून पुन्हा मिरवणुकीत बसायचं धाडस मला झालं नाही. म्हणून आलो नाही."

तेव्हा वहिनी पुढे झाली. इतका वेळ पदर तोंडाशी धरून खांबाला टेकली होती. "म्हाराज, येक इचारू? तुमी पडद्यात पेढा खाल्ला, त्या म्हाताऱ्यानी खोटं सांगितलं, आनि भोगलं कुनी? माजी तसबीर घरात लग्नापास्नं आंधळी हाय. ह्यांना तुमच्या तोंडानं सांगा, तुजा हात वाईट नाय म्हनून."

मी तिचा हात धरला, पण ती काही ऐकणारी नव्हती. महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. ब्रश पुसला, सरांच्या कोटाच्या वरच्या खिशात खोचला आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा हात वाईट नाही. वाईट कशाचं वाटून घ्यायचं असेल तर ते माझं मला घेऊ द्या."

बाहेर गाडी लागली होती. ते गेले.

येताना टेंपोत सर बसले. मागच्या फळकुटावर, पाय लांब सोडून, राजचिन्ह मांडीवर पालथं. हेच ते, मला ज्याची भीती वाटली होती. मी म्हटलं, "सर, उभे राहा ना जरा." कसलं वेड्यासारखं बोलणं, पण मला राहवेना. ते म्हणाले, "थकलोय, बाई." वहिनी वाटभर बाहेर बघत होती. आणि मला त्या क्षणी राजाचा, आबांचा, कुणाचाच इतका राग येत नव्हता जितका त्या पडद्याचा. एक फडकं बाजूला करून कुणी बघितलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही. जेवले नीट, पण तेही बसून. वहिनी माझ्याकडे येऊन म्हणाली, "फिरत व्हते ते बरं व्हतं. हे बसनं बगवत नाय." गणपतीचा कारखानदार येऊन त्यांच्याशेजारी बसून गेला.

चौथ्या दिवशी सकाळी ओटा रिकामा. मी शाळेत धावले. सुट्टीतली शाळा, सगळं बंद, बालवर्गाचं दार तेवढं उघडं. सर स्टुलावर उभे राहून गाईचे डोळे काढत होते. पोरांचे कोळशाचे ठिपके पुसलेले. मोर झाला होता, ससा झाला होता. माझा बेडूक टेबलावर वाळत पडला होता, आणि माझ्याकडे असा काही बघत होता की मीच जरा बाजूला सरकले.

"फळीचं काय?" मी विचारलं. "हत्ती राहिला ना."

"त्याला आता कुणाकडे बघायचंय? झोपू दे." ब्रश धुतला, काजळाची वाटी उचलली, आणि घराकडे निघाले. त्यांच्यामागे पळता पळता मला इतका आनंद झाला होता, की नदीच्या पुलावर मी एकटीच हसत होते.

वहिनी मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती. सरांनी भिंतीवरची तसबीर उतरवली, पुसली आणि तिच्यासमोर नेऊन ठेवली. वाटी बघितली तशी तिचे हात सुपातच थांबले. सर खाली मांडी घालून बसले. तसबिरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. केस पिकलेले, डोळ्यांखाली काळं, कडेला सुरकुत्यांचं जाळं.

"तेव्हाचे आठवत नाहीत गं मला," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखूच येईना. "फार लक्ष देऊन बघितलेच नव्हते. भीती वाटायची."

"आत्ताचे काडा," वहिनी म्हणाली. "तवा मी बगितलं व्हतंच काय?"

सरांनी ब्रश काजळात बुडवला. पदर तोंडाशी नेत तिने मान वळवायला सुरुवात केली, तर आयुष्यात कधी एका जागी न राहिलेला तो माणूस तिला म्हणाला, "हलू नको."

"मी कवा हलले?" वहिनी म्हणाली. "मी हितंच तर हाय."